काना गळालेली नावे

राम आणि रमा या नावांत भेद कशाने होतो, असे पहिलीतील मुलास विचारले तर तो कान्यावर अचूक बोट ठेवील. पायथन या संगणकीय भाषेस मात्र तो काना अक्षराचा भाग वाटत नाही, हे आम्हांस गतवर्षी कळले.

आमच्या बेळगावच्या शाळेतील मुलांची नावे शिष्यवृत्तीसाठी संगणकावर चढवावयाची होती. गावातील एका होतकरू तरुणाने ते काम पत्करले. नावांत कोठे टिंबे, कोठे स्वल्पविराम, कोठे कंस राहिले होते. ते काढण्यास त्याने पायथनमधील ‘सब’ हे फंक्शन योजिले. ठरावीक नमुन्याचा मजकूर हुडकून त्याजागी दुसरा घालणे, हे त्याचे काम. आज्ञा सरळ होती: शब्दातील अक्षरे व मोकळी जागा सोडून बाकी सर्व पुसावे. यादी आली ती अशी: शिवाजीचा ‘शवज’, विठ्ठलचा ‘वठठल’, मीनाची ‘मन’. राम आणि रमा, दोघेही ‘रम’! कारकुनांनी फाँटला दोष दिला.

दोष फाँटचा नव्हे. युनिकोडमध्ये क, म, ल ही अक्षरे. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण ही नुसती चिन्हे. शब्दात काय मोडते हे ठरविताना पायथन अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर एवढेच धरतो. आमची वेलांटी स्वल्पविरामाच्या पंक्तीस जाऊन बसते. वस्तुतः ही चिन्हे शब्दातच गणावीत असे युनिकोडचे मार्गदर्शन आहे, आणि पर्ल ही भाषा ते पाळते. २०११ साली पायथनकारांकडे ही उणीव नोंदविली गेली. २०२४ च्या ३.१३ आवृत्तीतही ती आहेच. इंग्रजीस काना नाही, म्हणून निकडही नाही, असे आमचे मत. कानडीची गतही हीच. तिचे स्वरही व्यंजनास असेच बिलगतात.

‘शवज’ कोणीही पकडील. खरे भय कमलाचे. काना गळता तिची ‘कमल’ होते, आणि कमल हे नाव दिसावयास निर्दोष. कागदोपत्री नाव जुळले नाही की मजुरी बुडवून पालकांच्या खेपा सुरू होतात.

तरुणाने आज्ञा फिरविली. काय ठेवावे हे न सांगता, काय काढावे तेच एकेक चिन्ह लिहून सांगितले. नवी यादी येताच आम्ही हजेरीपट उघडला आणि आधी पाचवीतील कमला शोधली. काना जागेवर होता.