न वापरलेल्या विजेचा हिशेब

आमच्या खानापूर तालुक्यात शेतीपंपाची थ्री-फेज वीज ठरावीक तासांपुरती येते. पाळी रात्रीची असली, की शेतकरी हाती बॅटरी घेऊन मळ्याची वाट धरतो. भीमगडच्या रानालगत ज्यांची शेते आहेत, त्यांस या वाटेवर साप, गवा, क्वचित अस्वलही आडवे येते. विजेच्या सोयीने उठावे-निजावे ही रीत आमच्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे, की तीस कोणी नाव ठेवीत नाही.

म्हणूनच बंगळूरला संगणकाचे काम करणारा आमचा पुतण्या जेव्हा म्हणाला, “काका, लोकांनी वीज वापरण्याची वेळ बदलावी आणि त्याबद्दल त्यांना मोबदला मिळावा, असा बाजार उभा राहतो आहे, त्याचाच प्रोग्रॅम आम्ही लिहितो,” तेव्हा आम्हांस हसू आवरेना. वेळ बदलण्याची विद्या खानापूरकरांस कोणी शिकवावी?

परंतु विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तारेत जितकी वीज घालावी तितकीच त्या क्षणी खर्ची पडावी लागते. मोठ्या प्रमाणावर साठवण अजून महाग आहे. तुमकूर जिल्ह्यातील पावगड्यासारख्या सौर प्रकल्पांची वीज भर दुपारी ओसंडते आणि दिवेलागणीला, नेमकी घरोघर मागणी वाढते तेव्हा, नाहीशी होते. २००८ साली सुरू झालेल्या वीज विनिमय बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून प्रत्येकाचा भाव निराळा ठरतो. संध्याकाळची थोडी मागणी दुपारकडे सरकली, तर महागडी वीज तितकी कमी घ्यावी लागते. या सरकण्याच्या तयारीस ‘लवचीकता’ म्हणतात. ब्रिटनमध्ये २०२२-२३च्या हिवाळ्यात १६ लाख घरे व व्यवसाय अशा योजनेत सामील झाले आणि सुमारे ३३ लाख युनिटांची मागणी ऐन गर्दीच्या वेळेतून हलली. मुंबईतही टाटा पॉवरने २०२३ मध्ये असा उपक्रम हाती घेतला.

पुतण्याने आपला प्रोग्रॅम आमच्या फोनवर उघडला. इंग्रजी अक्षरे, ९६ चौकोन आणि किलोवॉटांचे आकडे! आम्ही त्यास शेजारच्या पंपवाल्याकडे व गिरणीवाल्या बाईंकडे घेऊन गेलो. पंप पाच घोड्यांचा असतो, ३.७ किलोवॉटांचा नव्हे, हा पहिला धडा त्यास तेथे मिळाला. दुसरा धडा भाषेचा. आमच्या तालुक्यात घरात मराठी, बिलावर कानडी आणि लोंढ्याकडे गेले की कोकणी, असा व्यवहार आहे. तेव्हा मजकूर निदान मराठी-कानडी दोन्हींत हवा, आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोनवर बोलका निरोप हवा. रानातल्या वाड्यांवर रेंज येते-जाते, म्हणून निरोप आदल्या दिवशीच मिळाला पाहिजे. गिरणीवाल्या बाईंनी तर एकच दोष काढला. पडद्यावर ‘होय’ हा शब्द बोटभर मोठा होता, ‘नको’ मात्र कोपऱ्यात दडवलेला. सणाच्या तोंडावर संध्याकाळी दळणाची रांग लागलेली असताना चक्की बंद ठेवा म्हणणाऱ्यास नाही म्हणण्याची सोय तितकीच ठळक हवी, हे त्यांचे म्हणणे कोण खोडून काढणार?

खरी कोंडी झाली ती पंपवाल्याच्या प्रश्नाने. “मास्तर, जी वीज मी जाळलीच नाही, ती यांनी मोजली कशी?”

प्रश्न मर्मावरचा होता. न वापरलेली वीज कोणत्याही मीटरवर दिसत नाही. मागील काही दिवसांत त्याच तासांत किती वापर झाला, त्याची सरासरी काढायची व आजचा वापर तीतून वजा करायचा, ही रीत. मात्र कणकुंबीच्या बाजूस जूनमध्ये पाऊस लागला, की पंप आपोआपच थांबतो. तेथे मे महिन्याची सरासरी धरून बक्षीस वाटणे म्हणजे पावसाचे श्रेय माणसास देणे होय! उलट, कोणी आधीचे चार दिवस पंप उगाच चालवून सरासरी फुगवील, तेही आहेच. आम्ही सुचविले, की कोणते दिवस धरले, सरासरी किती आली आणि आज किती जळली, हे तिन्ही आकडे वाण्याच्या उधारीच्या वहीसारखे ग्राहकासमोर उघडे ठेवावेत. हिशेब दिसला, की माणूस भांडतो तरी मुद्द्यावर.

एवढे होऊनही एक गाठ उरलीच. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपास वीज मोफत आहे आणि कित्येक पंपांस मीटरच नाही. ज्यास बिल नाही, त्यास सवलत कसली द्यावयाची? पंपवाल्याने स्वच्छ सांगितले, “मला पैसे नकोत. माझी रात्रीची पाळी दिवसा करा.”

वीज दुपारी स्वस्त आणि मुबलक, व या गृहस्थास हवी तीही दुपारीच. महाराष्ट्रात २०१७ सालापासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच हेतूने, शेतीस दिवसा वीज देण्यासाठी, राबविली जात आहे. आमच्या पुतण्याच्या प्रोग्रॅममध्ये मात्र मोबदल्याचा रकाना रुपयांचाच होता.

त्या रात्री तो पडवीत बसून उशिरापर्यंत काम करीत होता. सकाळी त्याने दाखविलेल्या नव्या पडद्यावर सर्वांत वर प्रश्न होता : ‘तुम्हांस काय हवे? पैसे की दिवसाची पाळी?’ पाळी बदलणे वीज कंपनीच्या हाती, प्रोग्रॅमच्या नव्हे, हे तोही जाणतो. आपल्या वरिष्ठांपुढे हा रकाना टिकतो की नाही, याची त्यास काळजी आहे. पंपवाला मात्र मधूनमधून आम्हांस विचारतो, “मास्तर, बंगळूरहून काही आले काय?”