परसातले पाहुणे

‘पक्षी बघत बसायला वेळ कुठे आहे हो आम्हाला?’ असं तुम्ही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकते. पहाटे उठून, गळ्यात दुर्बीण अडकवून रानोमाळ हिंडायचा हा छंद नव्हे. माझा सगळा कारभार स्वयंपाकघराच्या खिडकीतून चालतो. तोही सकाळचे डबे गेल्यावर, धुणं भिजत पडलेलं असतं त्या अर्ध्या तासात. पण ह्या अर्ध्या तासानं आमच्या घरातल्या एका मोठ्या प्रश्नाचा निकाल लावला, आणि ती हकीकत तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या उपयोगी पडेल, असं वाटतं.

साताऱ्यात आमचं जुनं घर आहे. मागे परस आहे, वीस फूट रुंद आणि तीसेक फूट लांब. त्यात सासूबाईंनी लावलेला शेवगा, एक पेरू, कढीलिंब, अंजीर, कुंपणाशी जास्वंद, अबोलीचा वाफा आणि कोपऱ्यात पालापाचोळ्याचा खड्डा. बघणाऱ्याला अडगळच वाटावी असं! 2019 साली मुलीनं स्वतःसाठी नवा कॅमेरा घेतला आणि दूरचं जवळ ओढणारा आपला जुना कॅमेरा मला दिला. ‘आई, नातवंडांचे फोटो काढ,’ म्हणाली. नातवंडं वर्षातून दोनदा येणार! रोज येत होते ते पक्षी.

फोटोचं तंत्र मी थोडक्यात सांगते, कारण त्याचा उगाच बाऊ केला जातो. पक्ष्याच्या मागे धावायचं नाही, त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. खिडकीपासून दहा फुटांवर मातीची एक पसरट परळ ठेवा, तीत दोन इंचांपेक्षा जास्त पाणी नको, आणि मध्ये एक दगड, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतात. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डासांची सोय होते. परळ झुडपाला खेटून ठेवू नका; शेजारची मांजर तिथेच दबा धरते. आपण खिडकीच्या आत एक पाऊल मागे, सावलीत उभं राहायचं. कॅमेरा गजाला टेकवायचा आणि नेम डोळ्यावर धरायचा. डोळा स्वच्छ आला की बाकीचं पुसट असलं तरी फोटो जिवंत दिसतो. लहान पक्षी क्षणभर स्थिर नसतात, तेव्हा कॅमेऱ्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग द्यायचा. ऊन आपल्या पाठीशी असावं. आमचं परस पश्चिमेला असल्यामुळे सकाळी ती सोय आयतीच आहे. पावसाळ्यात मात्र कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवा. औषधांच्या बाटल्यांतून, नव्या चपलांच्या खोक्यांतून येतात ना, त्याच. नाहीतर भिंगावर बुरशी धरते. तांदळात पुरून ठेवू नका, त्याची पूड आत जाते.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारीख. दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं मी पक्ष्यांना दिली आहेत. कोण आलं, किती आले, काय खाल्लं, कुठल्या तारखेला. एवढंच.

ह्या वहीनं मला जे दाखवलं ते नुसत्या डोळ्यांनी कधी दिसलं नसतं. जांभळा शिंजीर घ्या. फेब्रुवारीत शेवगा फुलतो तेव्हा हा चिमुकला नर उन्हात नुसता निळा-जांभळा चमकत असतो. पावसाळा संपता संपता तसला नर दिसेनासा होतो, आणि फुलांवर येतो तो पिवळ्या पोटाचा, हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळी रेघ ओढलेला, साधासुधा पक्षी. मला वाटायचं, कुणी वेगळाच आहे. तारखेवार फोटो ओळीनं लावले आणि पुस्तकाशी ताडून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. विणीचा हंगाम संपला की नर आपला शालू घडी करून ठेवतो आणि थंडी ओसरताना पुन्हा एकेक पीस चमकवत नेसायला लागतो. नर बरं का! मादी बारा महिने साधी, आणि घरटं विणायचं, अंडी उबवायची तीच. कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेली लोंबती पिशवी, दारावर पावसाची झड लागू नये म्हणून छोटी पडवी. हे महाराज पिल्लांना भरवायला मात्र मदत करतात, तेवढं श्रेय द्यायला हवं.

मार्चपासून दयाळ पहाटे गायला लागतो. काळापांढरा, शेपटी उंचावणारा. हिवाळ्यात हा जवळजवळ मुका असतो, म्हणून त्याची पहिली शीळ मी तांबड्या शाईनं लिहून ठेवते. त्याच सुमाराला तांबटाची टुक्‌ टुक्‌ सुरू होते, भर दुपारी, आपण जरा पाठ टेकली की नेमकी!

मे-जूनमध्ये कढीलिंबाला काळी फळं धरतात. आपल्याला त्याचा पाला तेवढा ठाऊक. बुलबुल आणि कोकिळ ह्या फळांवर तुटून पडतात. एकदा पानाआड ठिपक्याठिपक्यांचा एक तपकिरी पक्षी सापडला. सासूबाईंना आता लांबचं दिसत नाही, म्हणून फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून दाखवला.

‘ही कोण गं ठिपक्यांची?’

‘कोकिळा, आई.’

‘कोकिळा तर काळी असते.’

‘काळा तो नर. गातो तोच. हिचं आपलं नुसतं किक्‌ किक्‌.’

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे इतकी वर्षं गाण्याचं कौतुक हिचं केलं, आणि गात होता तो?’

‘आणि अंडी घालते तीही कावळ्याच्या घरट्यात.’

‘मग चांगलंच आहे की तिचं!’ सासूबाई म्हणाल्या.

तेव्हापासून रोज दुपारी ‘आज कोण आलं होतं?’ असा प्रश्न येतो. पुष्कळ पक्ष्यांची नावं त्यांनीच मला सांगितली. कुणाला परीट म्हणायचं, सातभाई ते कोणते, होला कसा घुमतो. पुस्तकातलं नाव वेगळं आणि माहेरचं वेगळं असं पक्ष्यांचंही असतं.

पावसाळ्यात पावशा ओरडतो, आफ्रिकेतून पावसाबरोबर आलेला चातक एखाद्या दिवशी शेवग्यावर टेकून जातो. उजेड कमी असतो, पण पाहायला हाच काळ मला सगळ्यांत आवडतो. अंजिराच्या पानाच्या कडा ओढून शिंपी त्यांचा द्रोण करतो. चोचीनं भोक पाडून त्यातून कापसाचा नाहीतर कोळिष्टकाचा धागा ओवलेला असतो. गाठ नाही, धाग्याचं टोक पिंजून जाड होतं, तेच अडकून बसतं. ब्लाउजला हूक लावणाऱ्या कुठल्याही बाईनं थक्क व्हावं असं काम! पण इथे एक सांगायचं आहे. घरट्याचा फोटो काढू नका. अंडी उबवणाऱ्या जोडीला आपली वर्दळ खपत नाही, कधीकधी ती घरटं सोडून जाते. शिवाय नीट दिसावं म्हणून आपण एखादी फांदी बाजूला केली की कावळ्याला आयतं दार उघडून मिळतं. माझ्याकडे त्या शिंप्याचा फोटो आहे तो परळीवर पाणी पितानाचा.

आणि मग ऑक्टोबर. परीट येतात, शेपटी वरखाली करत मोरीच्या पाण्याशी चालतात. थिरथिऱ्या येतो, थेट हिमालयाच्या उंच डोंगरांकडून, आणि आमच्या धुण्याच्या दगडावर बसून तांबूस शेपूट थरथरवतो. माझ्या वहीत पाच वर्षांच्या त्याच्या पहिल्या दर्शनाच्या तारखा आहेत, आणि त्या सगळ्या तीन आठवड्यांच्या आत बसतात. मार्च सरला की तो पुन्हा दिसेनासा होतो.

आता त्या प्रश्नाकडे येते. 2024 च्या मे महिन्यात ह्यांनी जाहीर केलं की परसात गाडी लावायची. शेवगा, पेरू काढायचे, सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवायचे. एका माणसाकडून अंदाजपत्रकही आणलं होतं. मी लगेच ‘नाही’ म्हटलं नाही, कारण ह्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बोळात गाडीला दोनदा ओरखडे पडले होते, आणि गाडी कुठे लावायची ह्यावरून शेजाऱ्यांशी बोलाचाली झाली होती. शेवग्याच्या सुरवंटांचा त्रासही होतो. ‘जागा नुसती पडून आहे,’ असं ते म्हणाले, तेवढंच मला लागलं.

भांडून हा प्रश्न सुटला नसता. मी फोटो छापून आणले, पोस्टकार्डाएवढे, आणि कोठीघराच्या दारावर महिन्यांप्रमाणे चिकटवले. बारा ओळी. खाली तारखा. पाच वर्षांत चौतीस जातींचे पक्षी आमच्या त्या ‘पडून असलेल्या’ जागेत येऊन गेले होते. कुठला फोटो कुठल्या झाडावरचा, तेही लिहिलं. निम्म्याहून अधिक नावांपुढे ‘शेवगा’ होतं.

हे चष्मा लावून बराच वेळ पाहत उभे राहिले. मग म्हणाले, ‘पण पक्षी काय, दुसरीकडे जातील.’

‘कुठे?’ मी विचारलं. उजवीकडच्यांनी दोन वर्षांपूर्वी फरशी घातली, डावीकडच्यांनी पत्र्याची शेड केली. त्या बाजूंना आता उरले आहेत ते कबुतरं आणि कावळे. लोक म्हणतात, चिमण्या संपल्या. देशभरच्या नोंदी एकत्र करून 2020 साली एक अहवाल निघाला, त्यात देशभर मिळून चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे, मोठ्या शहरांत मात्र घटली आहे, असं दिसलं. मला तरी ह्याचा अर्थ एवढाच वाटतो की माणसांच्या वस्तीत चिमणीला माती, झुडूप आणि किडे कुणीतरी ठेवायला हवेत.

त्यातून कायद्याचाही मुद्दा होता, तो ह्यांनाच नगरपालिकेत कळला. झाड आपल्या आवारातलं असलं तरी शहरात ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. 1975 पासून राज्यात तसा कायदा आहे. तुमच्याकडे असा विषय निघाला तर हे आधी विचारून घ्या. पण खरा निकाल लावला तो सासूबाईंनी. ‘शेवगा मी लावलाय,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि जपाला बसल्या.

शेवटी तोड निघाली. पेरू आणि शेवगा राहिले. शेवग्याच्या वरच्या फांद्या छाटल्या, त्याला नवी फूट चांगली आली. चाकांपुरते फरशीचे दोन पट्टे घातले, मधली माती मोकळी ठेवली. अबोलीचा अर्धा वाफा गेला आणि पाचोळ्याचा खड्डा बुजवावा लागला. सगळं काही वाचलं असं मी सांगणार नाही. तो पाचोळा उलथापालथा करत कलकलाट करणारे सातभाई त्यानंतर आमच्याकडे उतरलेले नाहीत. वहीत त्यांची शेवटची नोंद 2 जून 2024 ची आहे. जास्वंदीखाली मी पुन्हा पाला साठवायला सुरुवात केली आहे, बघू या.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर फेब्रुवारी गाठा. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते. ती अमेरिकेत 1998 मध्ये सुरू झाली आणि भारतात 2013 पासून होते. निदान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि कळवायचे. परस नसलं तर गच्ची चालते, गॅलरी चालते. कॅमेरा नसला तरी चालतं, पण तारीख लिहा.

ह्यांचं म्हणाल, तर 2025 च्या एप्रिलमध्ये एक गंमत झाली. गाडीच्या आरशात दयाळाला दुसरा दयाळ दिसायला लागला. आपल्या हद्दीत परका नर शिरला म्हणून तो रोज सकाळी आरशावर चोची मारी, पंख आपटी आणि सगळी काच घाण करून ठेवी. ह्यांनी दोन दिवस काच पुसली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे जुने पायमोजे मागितले. आता विणीचा हंगाम आला की रात्री जेवण झाल्यावर हे परसात जातात आणि दोन्ही आरशांना मोजे चढवून येतात.