काहून?

वऱ्हाडी बोलीत ‘का’ या प्रश्नाला ‘काहून’ म्हणतात. दर्यापूर तालुक्यातील पूर्णाकाठच्या एका खेड्यातून आम्ही भावंडे एकामागून एक या वसतिगृहात दाखल झालो, तेव्हा पत्र्याच्या पेटीत दोन जोडी कपडे आणि एक सतरंजी होती, आणि तोंडात हा शब्द होता. पुढे मोठ्या शहरांत गेल्यावर तो ऐकून कोणी हसले, कोणी तो सुधारून दिला, आणि आम्हीही हळूहळू ‘का’ म्हणू लागलो. तथापि आमच्या कानाला या दोन शब्दांत आजही अंतर जाणवते. ‘काहून’मध्ये ‘कोठून’ आणि ‘घरून’ यांचा नाद आहे. समोरची गोष्ट कोठून निघाली, कोणाच्या हातांतून आपल्यापर्यंत आली, हेही तो शब्द जणू विचारतो. या स्मरणिकेत लिहिण्याची संधी मिळाली तेव्हा सांगण्याजोगा पराक्रम आमच्यापाशी नव्हता. पाणी, माती, वाद्य आणि वाट या रोजच्या गोष्टींना हा प्रश्न विचारल्यावर जे दिसले, तेवढेच येथे मांडीत आहोत.

आम्हा भावंडांपैकी दोघांची घरे आज अमरावतीत आहेत, बहीण अकोल्यात आहे. अकोल्याच्या नळाला महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी येते. अमरावतीच्या नळाला मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याहून, अप्पर वर्धा धरणातून येते. वर्धा ही अमरावती जिल्ह्याची पूर्व सीमा धरून वाहणारी नदी. पुढे ती वैनगंगेला मिळते, दोघींची मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. अमरावती शहर मात्र दुसऱ्या बाजूच्या उतारावर वसले आहे. येथे सांडलेले पाणी नाल्यांवाटे पेढी नदीत जाते. पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवपाशी तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात शिरते. म्हणजे पूर्वेच्या समुद्राकडे निघालेले पाणी अमरावतीकर पितात, आणि भांडी घासून झाल्यावर त्यातले उरलेले पश्चिमेच्या समुद्राच्या वाटेला लावतात.

आमच्या दहा वर्षांच्या पुतणीला हे नकाशावर बोट फिरवून दाखवले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मोठे बाबा, मग आपण वर्धेचं पाणी घेतो, तर तिकडच्या लोकांना कमी पडत नाही का?” आम्ही भूगोल सांगत होतो, ती न्याय विचारीत होती. धरणाखाली ज्यांची शेते गेली त्यांची आठवण काढल्यावाचून तिला उत्तर देता येत नव्हते. त्या रात्री जेवताना घरात बराच वेळ त्याच विषयावर बोलणे झाले.

आम्ही ज्या गावातून आलो तेथे पाणी हा प्रश्न याहून जवळचा होता. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला साडेचार हजार चौरस किलोमीटरहून अधिक मुलूख खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथे विहीर खणली तर पाणी लागते, परंतु ते तोंडात धरवत नाही. त्यात डाळ नीट शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि तेच पाणी वर्षानुवर्षे शेताला दिले तर जमीन चोपण होते. उन्हाळ्यात गोड्या पाण्यासाठी नदीच्या पात्रात वाळू उकरून झिरा करावा लागे आणि त्यात पाझरून आलेले पाणी वाटीवाटीने घागरीत भरावे लागे.

आमची आजी तरुणपणी पहाटे अंधारात झिऱ्यावर जात असे. तिला स्वतःच्या हाताने पाणी घेण्याची मुभा नव्हती. घागर खाली ठेवून दूर उभे राहायचे, आणि कोणाला दया आली म्हणजे त्याने वरून पाणी ओतायचे, अशी ती रीत होती. ती पितळेची घागर घरातले एकमेव किमती भांडे होते. थोरल्या भावाला वसतिगृहात पाठवायचे ठरले तेव्हा आजीने ती विकली आणि पेटी, सतरंजी व वह्या आणल्या. त्यानंतर कित्येक वर्षे ती मातीचा घडा घेऊन पाण्याला गेली.

पुढे सातपुड्यातील शहानूर धरणाचे पाणी नळाने गावात आले. आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. घडा लावण्यापूर्वी ती नळाच्या धारेखाली नुसता हात धरून उभी राही. पाणी वाया जाते म्हणून घरातले कुरकुरत. एकदा आमच्यापैकी कोणीतरी विचारले, “बुढे, हे काहून करतं?” ती म्हणाली, “कोनी वरतून टाकून नाई रायलं, मनून.”

१९२७ सालच्या २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. आम्ही हा इतिहास याच शाळेच्या वर्गात शिकलो. आजीला ती साले ठाऊक नव्हती. तिला त्यांचा अर्थ तळहाताला लागणाऱ्या धारेवरून कळत होता. आपण ज्याला ‘रोजचे’ म्हणतो ते आपल्या आधीच्या माणसांना रोज मिळत नव्हते, हे आम्हाला तेथे उमगले. त्यानंतर नळ सोडताना आमचा हात क्षणभर थांबतो.

मातीचेही असेच आहे. आमच्याकडची काळी जमीन म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाच्या खडकाची झीज होऊन साचलेला गाळ. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात शेतात अशा भेगा पडत की लहानपणी आम्ही त्यांत तुराटी सोडून खोली मोजत असू. वरची भुसभुशीत माती वाऱ्याने त्या भेगांत पडते. पाऊस आला की जमीन फुगते, भेगा मिटतात आणि वरची माती खाली गाडली जाते. वर्षानुवर्षे हे चालते, म्हणून ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असे जाणकार म्हणतात. आमच्या वडिलांनी हयातभर दुसऱ्याच्या शेतात राबून हे पाहिले होते. पुस्तकातले कारण आम्ही त्यांना वाचून दाखवले तेव्हा ते एवढेच म्हणाले की, भेगा मोठ्या पडल्या तर कापसाला बरे असते, हे आम्हाला ठाऊकच होते.

ओल आणि ऊब यांचा हाच खेळ आम्ही आजोबांच्या हलगीत पाहिला. पावसाळ्यात हवेतील ओल शोषून हलगीचे कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. मग पऱ्हाट्यांचा जाळ करून तिला शेकावे लागते. कातडे तापून ताणले गेले की टिपरीच्या पहिल्याच ठोक्याला ती खणखणते. आमच्या लहानपणी मात्र ती हलगी खुंटीवर मुकी टांगलेली असे. गावच्या लग्नात, मयतीत, देवीच्या पालखीपुढे ती वाजवणे आजोबांवर लादलेले काम होते, आणि मोबदल्यात शिळी भाकर मिळे. १९५६ साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर त्यांनी ते काम सोडले. त्यासाठी घराने दोन वर्षे गावाचा रोष सोसला.

घरातले संगीत मात्र त्याने थांबले नाही. वडिलांच्या पिढीने ढोलकी, पेटी आणि झांजा घेऊन भजनी मंडळ उभे केले. वामनदादा कर्डकांची गाणी वस्तीत त्यांच्यामुळेच आली. वामनदादांचा जन्म १९२२ चा. मुंबईत मजुरी करताना ते दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे जुळवायला शिकले आणि पुढे गावोगाव फिरून गात राहिले. आमच्या आईला अक्षरओळख नव्हती, पण त्यांच्या गाण्यांतून तिला बाबासाहेबांचे चरित्र तोंडपाठ झाले होते. एका जयंतीला आजोबांनी आपणहून हलगी खाली काढली, शेकली आणि मंडळात बसून वाजवली. हात तोच होता आणि वाद्यही तेच होते; या वेळी कोणाच्या बोलावण्यावरून ते वाजत नव्हते. संगीताविषयी पुढे आम्ही बरेच ऐकले आणि वाचले, परंतु त्या रात्री हलगीचा जो आवाज ऐकला त्याहून स्वच्छ आवाज आमच्या स्मरणात नाही.

सुटीत अकोल्याच्या मावशीकडे जायचे म्हणजे बनोसा स्थानकावरून शकुंतला गाडीने मूर्तिजापूर गाठायचे आणि तेथून मोठ्या गाडीत बसायचे. मूर्तिजापूर ते अचलपूर हा ७६ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग इंग्रजांच्या काळात कापसासाठी टाकला गेला. या गाडीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले होते आणि १९९४ पर्यंत ते धावत राहिले. वऱ्हाडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांकडे गेला आणि त्याच मुलुखातून इंजिन आमच्याकडे आले. गाडीची चाल एवढी मंद होती की खिडकीतून शेतात निंदण करणाऱ्या बाईचा चेहरा ओळखता येई आणि तिच्याशी दोन शब्द बोलताही येत. लाकडी बाकावर आमच्या शेजारी कोण बसले आहे, हे तेथे कोणी विचारीत नसे. आजी या गाडीवर का जीव टाकत असे, हे आम्हाला मोठेपणी कळले.

आता ती गाडी बंद आहे. अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा एका मार्गिकेचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्या रस्त्याने जाताना आम्हाला अभिमान वाटतो. मुलांना आम्ही एवढेच सांगतो की, नोंद तासांची आणि मिनिटांची झाली असली तरी ७२० माणसे तेथे रात्रंदिवस खपत होती, आणि जूनच्या आरंभीचे वऱ्हाडी ऊन कसे असते हे आपल्याला ठाऊक आहे. गुळगुळीत रस्त्याच्या प्रत्येक किलोमीटरखाली कोणाचा तरी घाम आहे.

याच वाटेवरच्या मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी गाडगेबाबांचे बालपण मामाच्या घरी गुरे राखण्यात गेले. जन्म १८७६ चा, शेंडगावचा, म्हणजे आमच्या शेजारच्याच तालुक्यातला. दिवसा ते हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांच्या कीर्तनाची रीत वेगळी होती. ते श्रोत्यांना साध्या वऱ्हाडीत प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या या माणसाने मुलांना शिकवा असे उभ्या महाराष्ट्राला बजावले. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढीच्या काठी गाडगेबाबांनी देह ठेवला. आमच्या घरातून वाहून जाणारे पाणी ज्या पेढीला मिळते, तीच ही पेढी.

आमची पुढची पिढी पुण्यात, मुंबईत, काही परदेशांत आहे. सुटीत आली की ती विचारते, “इथे पाहण्यासारखे काय आहे?” या प्रश्नाचा आम्हाला राग येत नाही. ज्यांनी घागर विकली त्यांनी ती याचसाठी विकली की पुढच्यांना पाणी ही चिंता वाटू नये. पण चिंता मिटताना तिची हकीगतही मिटली, तर मुलांच्या वाट्याला या मुलखाची फक्त उन्हाची आणि कर्जाची कहाणी उरेल, आणि ज्या माणसांनी त्यांच्यासाठी रोजचे दिवस मिळवून दिले त्यांची नावेही त्यांना ठाऊक असणार नाहीत. आमच्या वयाची माणसे थकत चालली आहेत आणि आमच्या आधीची तर बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एक विनंती आहे. घरातील सर्वांत वयस्कर माणसाजवळ आपल्या मुलाला तासभर बसवावे आणि त्याने एवढेच विचारावे: तुम्ही लहान असताना पिण्याचे पाणी कोठून येई, ते कोण भरी, आणि तुम्हाला कोणी अडवी काय? उत्तर त्यांच्याच बोलीत, शब्द न सुधारता, गावाच्या नावासह वहीत उतरवावे. शाळेने आपल्या ग्रंथालयात अशा वह्यांसाठी एक कपाट राखून ठेवावे. शंभर घरांच्या शंभर वह्या जमल्या तर या दोन जिल्ह्यांच्या पाण्याचा आणि माणसांचा असा इतिहास उभा राहील, जो कोणत्याही कचेरीच्या दप्तरात सापडणार नाही.

आमची वही आम्ही देत आहोत. तिच्या पहिल्या पानावर आजीचे नळापाशी उच्चारलेले वाक्य आहे. दुसऱ्या पानावर पुतणीचा वर्धेच्या पाण्याविषयीचा प्रश्न आहे, आणि त्याखालची पाने तिच्यासाठी कोरी ठेवली आहेत.