सहाणेवरचा न्याय

बांधाचं भांडण कोर्टात नेणं आमच्या लहानपणी रत्नागिरीकडच्या गावांत कमीपणाचं समजत. भांडण सहाणेवर जायचं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी बसते त्याच चौथऱ्यासमोर गावकी बसायची. आधी गुरव गाऱ्हाणं घालायचा, मग वादी बोलायचा, मग प्रतिवादी. मध्ये कुणी तोंड घातलं तर गावकार नुसता हात वर करायचा. कागदाचं कुणी विचारत नसे. फणस कुणाच्या आजोबांनी लावला हे सांगणारा एखादा म्हातारा उठून उभा राहिला की पुरे. अगदीच अडलं तर कौल. पाषाणाला भिजवलेल्या कळ्या लावायच्या आणि आधी उजवी पडते की डावी याकडे सगळा गाव डोळे लावून बसायचा. निकाल लागला की हरणाऱ्याने नारळ द्यायचा, तो तिथेच फुटायचा, आणि त्याने जिंकणाऱ्याच्या हातून खोबऱ्याचा तुकडा घेऊन तोंडात टाकायचा. घास गिळेपर्यंत कुणी उठत नसे.

आता भांडण तालुक्याला जातं. मोजणीचा अर्ज, सातबारा, वकीलपत्र, तारीख. बांध गावात, एक भाऊ विरारला, दुसरा दिव्याला. तारखेला दोघे रजा टाकून रात्रीच्या गाडीने येतात आणि पुढची तारीख घेऊन परततात. कागद पक्का असतो, हे मान्य. पण त्या दिवशी एकाच एसटीतून गावात उतरलेले दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, आणि निकालानंतर त्यांना एकत्र बसवणारं कुणी नसतं.

गाव करील ते राव काय करील, असं तेव्हा म्हणत. त्या 'गावा'त कोण कोण होतं हे मात्र आम्ही फार उशिरा विचारलं. बोलण्याचा मान मानकऱ्यांच्या घरांचा. बायका देवळाच्या मागल्या अंगाला उभ्या. विधवेच्या जमिनीचा वाद असला तर तिच्या वतीने दीर बोलायचा, आणि बहुतेक वेळा जमीन त्याच दिराने दाबलेली असायची. बौद्धवाडीतल्या माणसाला तर सहाणेची पायरीच नव्हती.

आणि सहाणेवर बसणारी तीच माणसं घर वाळीतही टाकायची. आमच्या वाडीतल्या एका घराच्या मुलाने जातीबाहेर लग्न केलं, म्हणून ते घर गावाने वाळीत टाकलं. त्या घरातली काकू एका सकाळी वाटी पदराआड धरून विरजण मागायला आली. दह्याचा वास ओटीपर्यंत येत होता. आईने मान खाली घालून "आज लागलंच नाही" म्हणून सांगितलं. देवाणघेवाण करणाऱ्यालाही दंड होता. पुढे त्या घरात मयत झालं, तेव्हा खांदा द्यायला मुंबईहून पाहुणे येईपर्यंत थांबावं लागलं. ज्या माणसांच्या शहाणपणाची आठवण आम्ही काढतो, त्याच माणसांनी हे केलं.

हा अधिकार गावाला आणि जातीला दिला कुणी? इंग्रजांनी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनमध्येच ठरवलं होतं, की जातीच्या प्रश्नांत दिवाणी कोर्टांनी हात घालू नये. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा, अशी मागणी बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली संविधानसभेसाठी लिहिलेल्या निवेदनात केली. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने बहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पंथाला आपला धार्मिक कारभार पाहण्याचा हक्क आहे, असं बहुमताचं मत पडलं. सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत मात्र वेगळं होतं. आमच्या मते सिन्हाच बरोबर होते. पंथाच्या हक्काचं रक्षण करताना पंथाबाहेर फेकलेल्या माणसाने जायचं कुठे? २०२३ मध्ये घटनापीठाने हा प्रश्न पुन्हा नऊ न्यायमूर्तींकडे सोपवला आहे.

२०१३ साली नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गर्भवती मुलीला बापानेच मारलं आणि त्यामागचा जातपंचायतीचा धाक उघड झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, तरी कार्यकर्त्यांनी काम सोडलं नाही. २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा विरजण मागायला आलेली ती काकू हयात नव्हती.

आज कुणी सहाणेवर उभं राहून घर वाळीत टाकल्याचं जाहीर करत नाही. वर्गणी मागायलाच कुणी येत नाही, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून नंबर काढला जातो, पालखी दारावरून तशीच पुढे जाते. सण-उत्सवात भाग घेऊ न देणं कायद्याच्या व्याख्येत बसतं, पण तक्रार करायला ज्या चौकीत जायचं तिथला ओळखीचा माणूसही बहुधा म्हणतो, गावातच मिटवा.

म्हणून आमची हळहळ अर्धीच उरली आहे. तो धाक गेला, बरं झालं. खोबऱ्याच्या त्या तुकड्याची आठवण मात्र जात नाही. भांडण बांधावर येऊन, आपल्या बोलीत ऐकून घेणारं कुणीतरी होतं, ते गेलं. ग्राम न्यायालयांचा कायदा २००८ चा. त्यातल्या न्यायाधिकाऱ्याने तालुक्यातच बसून न राहता गावोगाव जाऊन वाद ऐकायचे, असं त्यात लिहिलंय. आमच्या गावात तो अजून फिरकलेला नाही. तो यावा, फणसाखाली उभं राहून दोन्ही भावांचं ऐकावं, विधवेचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐकावं आणि निकाल लेखी द्यावा, म्हणजे पटला नाही तर वर दाद मागता येईल. गावकीच्या निकालावर अपील कधीच नव्हतं.