माझा धाकटा भाऊ

श्रीगोंद्यात उसाच्या गाड्या वाहू लागल्या, की माझा धाकटा भाऊ ओट्यावर येऊन बसे. फिरणारी चाके पाहून तो टाळ्या पिटी. हाक मारली, तर मात्र मान वळवीत नसे. दहा वर्षांचा झाला, तरी त्याचे अंक पाचापुढे जात नव्हते. लोक त्याला वेडा म्हणत. डॉक्टरांनी सांगितले, ही स्वमग्नता. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अशाच अकरा मुलांची हकीकत लिहिली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तिचा उल्लेख आहे. पण गल्लीला हे कोण समजावणार?

शेख महंमद महाराजांच्या यात्रेत ढोल वाजू लागताच तो कानांवर हात ठेवून किंचाळला. माझ्या वर्गमित्राने विचारले, "हा कोण रे?"

"शेजारचा," मी म्हणालो.

त्याला ते कळले की नाही, देव जाणे. परतताना त्याने माझ्या सदऱ्याचे टोक घट्ट धरले होते. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मित्राला घरी आणले. "हा माझा भाऊ," मी सांगितले. भावाने वर पाहिलेसुद्धा नाही. रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच; आणि पुन्हा एक.