मॅनिफोल्डची टिकटिक

जळगाव

चि. मिहिर,


तू जुनी एमजीबी घेतलीस, फार बरं वाटलं. सकाळी गार इंजिन टिकटिक वाजतं आणि तापलं की गप्प होतं, असं लिहिलंस. हा आवाज आपल्या घराला ठाऊक आहे. आपल्या अँबॅसिडरचं 1489 सीसीचं इंजिन आणि तुझं 1798 सीसीचं, दोन्ही एकाच घराण्यातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची बी-सिरीज.

तुझी आजी धुळ्याहून जळगावला आली की डोकं धरून बसायची. सगळे म्हणायचे, खान्देशातलं ऊन बाधलं. पण ऐन थंडीत, काचा बंद असताना, पारोळा सुटलं की तिचं डोकं ठणकू लागायचं. याचा गाडीशी संबंध कुणीच जोडला नव्हता.

तो जोडला धुळ्याच्या मिस्त्रींनी. लळिंगच्या चढाला इंजिनाची फटफट ऐकून ते गाडी गॅरेजला घेऊन आले. दुसऱ्या दिवशी गार इंजिन सुरू करून त्यांनी इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या सांध्याजवळ उदबत्ती धरली. एका जागी धूर झटके खात होता, तिथेच काजळीही होती. "दादा, हाच गॅस आत येतो," ते म्हणाले. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडनंच डोकं दुखतं, पण त्याला ना वास, ना रंग. बिडाचं मॅनिफोल्ड तापून फुगतं, फट आवळते, आवाज थांबतो. गळती थांबली असं मात्र समजू नकोस.

नुसती नवी गॅसकेट टाकून भागत नाही. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे कान एकाच जाड वायसरखाली दाबले जातात. एक कान जरा जाड असला की वायसर तिरका बसतो, पातळ बाजू सैल राहते. आपल्याकडे नेमकं हेच झालं होतं. मिस्त्रींनी स्टड रात्रभर डिझेलने भिजवले, मॅनिफोल्ड उतरवून त्यावर फुटपट्टी उभी धरली आणि खालून येणारा उजेड मला दाखवला. मग लेथवाल्याकडून दोन्ही मॅनिफोल्ड जोडून एकदम फेसिंग करून घेतलं, म्हणजे तोंडं एका पातळीत सपाट केली. पितळी नट लावले, मधून बाहेर थोडेथोडे आवळले. इंजिन तापून पूर्ण निवल्यावर पुन्हा एकदा आवळले. त्यानंतर आजीचं डोकं प्रवासात दुखलं नाही.

तुझं काम होईपर्यंत लांबचा प्रवास करू नकोस आणि बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नकोस. तुझ्या मेकॅनिकला वायसर आणि फेस आधी तपासायला सांग.

तुझा,
नानाकाका