नाही म्हणायची सोय

माझ्या कामाला धड नाव नाही. कुणी मला बचत गटवाली समजतं, कुणी उत्सव कमिटीतली. कुंभाराच्या पणत्या शाळेपर्यंत पोचवणं, पाट्या रंगवणाऱ्या पोराची पडदे रंगवून हवे असलेल्या नाटकवाल्यांशी गाठ घालून देणं, गोंधळ्याच्या संबळाचं कातडं फाटलं तर नवं कुठं मिळेल याची चौकशी करून ठेवणं, असं हे काम. अंबडमध्ये ते करता करता एक गोष्ट ध्यानात आली. माणसं जोडणं अवघड नाही. आमच्याकडं दोन अनोळखी माणसं शेजारी बसली तर चहा संपायच्या आत कुठली ना कुठली सोयरीक निघतेच. जोडलेल्या माणसाला नाही म्हणता येईल, अशी जोडणी करणं मात्र फार अवघड.

गाव तसं जमवाजमवीला सरावलेलं. माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवी, खाली अहिल्यादेवी होळकरांची आठवण सांगणारी पुष्करणी बारव. आश्विनात नवरात्राची गर्दी. मार्गशीर्षात दत्तजयंतीचा संगीत महोत्सव. गोविंदराव जळगावकरांच्या नावाशी जोडलेल्या या महोत्सवानं तालुक्याच्या गावाला शास्त्रीय संगीताच्या दुनियेत ओळख दिली. असा कोणताही सोहळा घ्या, गायकाचं नाव पत्रिकेत छापतात आणि ते छापायलाच हवं. पण मंडप घालणारा, हार ओवणारी, भाकरी थापणाऱ्या बायका, पाटी रंगवणारा, मिरवणुकीत पुढं वाजवणारा, यांची नावं कुणाच्या तरी डोक्यात असतात. ते डोकं आजारी पडलं की कार्यक्रमाचे हाल.

गायकाच्या मागं जो तानपुरा लागतो, त्याच्याकडं मी नेहमी या नजरेनं बघते. भोपळा पंढरपूर-सोलापूर भागातल्या शेतातून येतो. तो खायचा भोपळा नव्हे. जाड सालीचा, वाळवून पोकळ केलेला. तिथून तो मिरजेला जातो. हत्यारं करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथं तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि सितारमेकर हे त्यांचं आडनावच झालं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. त्यांच्यासारखं कान असलेलं गिऱ्हाईक दारात असल्यावर कारागिराचा हात सुधारतोच. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शेतकरी, कारागीर आणि कलावंत यांची ही साखळी कुणा संस्थेनं बैठक घेऊन बांधलेली नाही. जवारी बिघडली की गायक वाद्य परत आणतो, भोपळा तडकला की सितारमेकर शेतकऱ्याला बोल लावतो. तक्रार करायला जागा आहे आणि भाव न पटला तर माल दुसऱ्याला द्यायचीही मोकळीक आहे, म्हणून ती टिकली.

आता आमच्या हलगीची साखळी बघा. कडं लोहाराकडचं, पूर्वी लाकडाचं असे. त्यावर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं. वाजवायच्या आधी चार काटक्या पेटवून ते शेकायचं, म्हणजे आवाज चढतो. हल्ली फायबरचं पान बसवतात. त्याला ना शेक लागतो ना पावसाची भीती, आणि आवाज कसा येतो ते जुन्या वादकांना विचारू नये. लोहार, कातडंवाला, वादक, उत्सव, सगळे दुवे तालुक्यातच. तरी या साखळीची रीत मिरजेसारखी नव्हती. हलगी बहुतेक मातंग समाजातल्या घरांत. तीच घरं दोर वळायची, केरसुण्या बांधायची. गावात काही निघालं की वाजवायला जायचं ते कर्तव्य म्हणून. मोबदला सुगीत, देणाऱ्याच्या मर्जीनं.

त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’ या 1915 च्या पुस्तकात ही बलुत्याची व्यवस्था बारकाव्यानं आलेली आहे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट यांचं शेतकऱ्याशी नातं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. स्थानिक कारागिरांना समाजाशी जोडायचं म्हटलं की व्यासपीठावर हमखास या गावगाड्याची आठवण काढली जाते, ‘तेव्हा कसं सगळे एकमेकांना धरून होते’ म्हणून. धरून होते हे खरंच. सोडायची मात्र सोय नव्हती. कुणी कुणासाठी काय करायचं हे जन्मानं ठरलेलं आणि नकार म्हणजे गुन्हा. त्या जोडणीत ज्यांची जागा खाली होती, ते तिची आठवण प्रेमानं काढत नाहीत. आपण नवं जाळं विणायला बसतो तेव्हा जुन्याचाच धागा हातात येण्याची भीती असते. कमिटीनं ‘आपलाच माणूस आहे’ म्हटलं की मी सावध होते. त्या वाक्यानंतर सहसा पैशाचा विषय निघत नाही.

सरकारी योजनांचा उपयोग होतो, पण त्यांचे रकाने आधीच आखलेले असतात. विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. आमच्याकडं तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. अठरा व्यवसाय, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत, प्रशिक्षणाच्या दिवसांचा भत्ता, पुढं कमी व्याजाचं कर्ज. यादीत टोपल्या-केरसुण्या करणारे आहेत, लोहार-कुंभार आहेत, हार करणारे आहेत. वाद्यं करणारे नाहीत. म्हणजे एकाच घरात आई केरसुणी बांधते ती कारागीर, आणि लेक हलगी मढवतो तो कुणीच नाही. अशा वेळी फॉर्म भरून द्यायचाच, पण त्या लेकासाठी गिऱ्हाईक आपणच शोधायचं.

ते शोधताना मी ‘तुम्ही काय करता?’ असं विचारत नाही. त्याला उत्तर ठरलेलं मिळतं. ‘तुमचं अडतं कुठं?’ असं विचारते. कुंभाराचं मातीवर अडलेलं असतं, बचत गटाचं पाकिटावरच्या चित्रावर, चित्रकार पोराचं उधारीवर. अडचणी शेजारी शेजारी मांडल्या की निम्म्या एकमेकींना सोडवतात. त्यासाठी दिवस ठरलेला लागतो. जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांचं चर्चासत्र दर महिन्याला ठरल्या तारखेला भरत आलंय. ते पाहून मी शिकले की निमंत्रणापेक्षा तारीख पक्की असणं मोलाचं. निमंत्रण म्हटलं की मानपान आले. ठरल्या तारखेला कुणीही येतं.

आम्हीही तसेच ठरल्या तारखेला एकत्र बसतो. त्या बसण्याचे नियम थोडे आहेत. दर सगळ्यांदेखत बोलायचा. इसार दिल्याशिवाय तारीख धरायची नाही. जेवण एकाच पंगतीत. आणि ज्याला जमत नाही त्यानं तिथंच तसं सांगायचं, त्याला कुणी कारण विचारायचं नाही. शेवटचा नियम सगळ्यांना साधा वाटला, आणि निभावायला तोच जड गेला.

एका नवरात्राच्या तोंडावर मंडळाचा एक कार्यकर्ता मला घेऊन हलगीवाल्या मामांकडं गेला. मामा वयानं त्याच्या बापाच्या जागी.

“सातव्या माळेला तू पाहिजेस बघ,” तो म्हणाला.

“त्या दिवशी वडीगोद्रीला जायचंय. इसार घेतलाय.”

“देवीच्या कामाला नाही म्हणतोस?”

मामांनी हलगी पालथी घातली. “देवी तिथंबी तीच हाय, भाऊ.”

परतताना तो माझ्यावर घसरला. “ताई, तुमच्या माणसाला जरा समजावा.” मी म्हटलं, तो माझा माणूस नाही, तुमचाही नाही. त्याला ते लागलं. मलाही रात्रभर वाटत राहिलं की एवढ्या खटपटीनं बांधलेलं आता सुटतंय. सकाळी मामांचाच फोन आला. घनसावंगीकडच्या एका ताफ्याचा नंबर त्यांनी दिला. कधीतरी एका लग्नात दोन्ही ताफे समोरासमोर वाजवत होते, तेवढीच ओळख. मंडळाला वादक मिळाले, दर मामांपेक्षा जास्त पडला.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1973 मध्ये एक निबंध लिहिला. नोकरीची खबर माणसाला जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या लोकांकडून जास्त मिळते, हे त्यानं दाखवलं. कारण जिवलगांना तेवढंच माहीत असतं जेवढं आपल्याला. घनसावंगीचा नंबर असाच आला. आणि तो येण्याचं कारण नकार हेच होतं. मामा मुकाट्यानं हो म्हणाले असते, तर वडीगोद्रीचे लोक ताटकळले असते, इसार परत करावा लागला असता आणि घनसावंगीचा ताफा अंबडला कधी ऐकूच आला नसता. नकारानं जाळं तुटलं नाही, एका गावानं वाढलं.

मंडळानं धडा घेतला तो व्यवहाराचा. आता नवरात्राची बोलणी पोळ्याच्या आधी होतात, तारीख कागदावर येते, इसार हातात पडतो. तो कार्यकर्ता मामांना अजून अरे-तुरेच करतो. ते काही मला ठरावानं बदलता येणार नाही. पण गेल्या खेपेला त्यानं आधी विचारलं, “कोणती माळ मोकळी आहे?” मामांनी पाचवी सांगितली आणि मिरवणूक पाचवीला ठरली.